हरवलेला आवाज आणि तीन आरसे

कीर्तनकाराचं सगळं भांडवल म्हणजे गळा. निरूपण ऐन रंगात यावे आणि आवाज बसावा, याहून मोठे संकट आमच्या सेवेत नाही. आज ज्यांचे चरित्र सांगावयाचे आहे, ते वारकरी नव्हते, हरिदासही नव्हते. दूर ऑस्ट्रेलियात रंगमंचावर उभे राहून शेक्सपिअरचे उतारे म्हणून दाखविणारे नट होते. पण संकट हेच आले.

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांचा जन्म २० जानेवारी १८६९ रोजी टास्मानिया बेटावर, विनयार्ड गावाजवळ झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेले मूल. त्यात श्वासाचा त्रास. शाळा लवकर सुटली, मास्तर संध्याकाळी शिकवीत. पुढे कथिलाच्या खाणीवर कारकुनी केली आणि विसाव्या वर्षी, १८८९ मध्ये, पठणाचे वेड घेऊन ते मेलबर्नला आले. नाव होऊ लागले, आणि तेव्हाच आवाज घोगरा होऊ लागला. श्वास घेतानाचा आवाज श्रोत्यांना ऐकू जाई. वैद्यांनी औषधे दिली, घशाला विश्रांती दिली. एकदा दोन आठवडे मौन पाळून ते मंचावर गेले. आरंभी आवाज खणखणीत, अर्ध्यावर येता येता बिघडला आणि शेवटी बोलणेच अशक्य झाले.

तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारले, की विश्रांतीने बरा होणारा गळा पठणाने बिघडतो, तर पठण करताना मीच काही वावगे करतो असे नव्हे काय? डॉक्टरांनी ते मान्य केले. पण काय वावगे, ते त्यांना सांगता येईना.

मग हे गृहस्थ आरशापुढे उभे राहिले. साधे बोलताना काही दिसले नाही. पठण सुरू करताच तीन गोष्टी दिसल्या: डोके मागे ओढले जाते, स्वरयंत्र खाली दाबले जाते आणि तोंडाने हुस्स करून श्वास आत घेतला जातो. बारकाईने पाहता साध्या बोलण्यातही तेच, फक्त थोडे कमी. (आमचे कित्येक तरुण बुवा वरचा सूर लावताना हनुवटी आभाळाकडे करतात. पाहणाऱ्याला वाटतं, काय भाव आहे! गळा मात्र रडत असतो.)

त्यांनी डोके पुढे आणि वर ठेवण्याचा निश्चय केला. ते जमले, असे त्यांना अगदी खात्रीने वाटत होते. पण दोन्ही बाजूंस आणखी एकेक आरसा लावून पाहतात, तो डोके पूर्वीसारखेच मागे! छाती उचललेली, पाठ आखडलेली. आणि पायांनी जमीन धरून ठेवावी ही जुन्या शिक्षकांची शिकवण मानून पायांची बोटेसुद्धा आवळलेली. म्हणजे नुसता गळा नव्हे, सर्व देहच त्या एका वाक्यासाठी ताठत होता.

न्यायशास्त्रात दृष्टांत आहे, की कावीळ झालेल्यास पांढरा शंख पिवळा दिसतो. तो खोटे बोलत नाही, त्याचे इंद्रियच दूषित असते. अलेक्झांडर यांना जे सापडले ते याच जातीचे. जुनी सवय देहाला बरोबर वाटते आणि खरे बरोबर ते चुकीचे वाटते. आपल्या शरीराचे आपल्याला कळते, हा समजच त्यांचा गळून पडला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या खटाटोपात मोलाचे ते हेच.

यावर उपाय काय? वाक्य म्हणणे हे साध्य. मन साध्याकडे धावले, की देह सवयीच्या हाती सापडतो. म्हणून ते वाक्य म्हणावयाचे ठरवीत आणि तत्क्षणी त्याला नकार देत. त्या थांबण्यात मान मोकळी, डोके पुढे व वर, पाठ लांब-रुंद, एवढी सूचना मनात चालू ठेवीत. मग ऐन वेळी वाक्य म्हणत, किंवा न म्हणता नुसता हात उचलीत, किंवा काहीच करीत नसत. यात महिने नव्हे, वर्षे गेली. आवाज तर परत आलाच, लहानपणापासूनचा श्वासाचा त्रासही सरला.

१९०४ मध्ये ते लंडनला गेले. घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेला पैसा त्या वेळी कामी आला, हे लपवायचं कारण नाही. ते काही संत नव्हते. १९१० च्या पहिल्या ग्रंथात अन्य वंशांविषयी त्यांनी लिहिलेले तर वाचवत नाही. परंतु शिकविणे निराळेच. शिष्याला खुर्चीवरून उठवायचे, बसवायचे, आणि मानेपाठीवर हलका हात ठेवून तो उठण्याआधीच कसा आखडतो ते दाखवायचे. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, नाटककार बर्नार्ड शॉ, लेखक ऑल्डस हक्सले असे थोर लोक या खुर्चीवर बसले. १९३१ मध्ये शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. दक्षिण आफ्रिकेतील एका नियतकालिकाने १९४४ मध्ये त्यांस भोंदू ठरविले. त्यावरील अब्रुनुकसानीचा दावा त्यांनी १९४८ मध्ये जिंकला. पुढे २००८ मध्ये इंग्लंडात पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. तीत या शिक्षणाचा गुण वर्षभरानंतरही टिकलेला आढळला.

दाव्याची सुनावणी तोंडावर असताना, १९४७ च्या अखेरीस, ते पडले आणि पक्षाघाताने डावे अंग लुळे झाले. वय एकोणऐंशीच्या घरात. आता गळ्याऐवजी अर्धा देहच परका झाला होता. पुन्हा तेच सुरू केले: घाई नाही, ओढाताण नाही, हालचालीआधी थांबणे. काही महिन्यांत ते शिष्यांच्या पाठीवर हात ठेवून शिकवू लागले. १० ऑक्टोबर १९५५ रोजी लंडनमध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.