कलीला, दिमना आणि बसऱ्याचा चिटणीस : इब्नुल मुकफ्फा यांचे जीवन

गेल्या वर्षी पालकसभेच्या दिवशी एक पालक माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा आठवीत आहे. वाचनालयातून त्याने पंचतंत्राचे पुस्तक घरी नेले होते. पालकांची तक्रार अशी की, मुलगा आता मोठा झाला, कोल्ह्या-माकडांच्या गोष्टी वाचण्याचे त्याचे वय राहिले नाही, त्यातून गुणही मिळत नाहीत. शिवाय आपल्या मुलांनी आपल्या थोर पुरुषांची चरित्रे वाचावीत. तक्रार प्रामाणिक होती. तेव्हा मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. कोल्ह्यांच्या गोष्टी जगभर पोहोचवणारा माणूस आपल्याच थोर पुरुषांपैकी एक होता आणि त्याचे चरित्र कोणत्याही गोष्टीपेक्षा कमी थरारक नाही.

इब्नुल मुकफ्फा यांचा जन्म इ.स. 720 च्या सुमारास इराणच्या फार्स प्रांतातील जूर या गावी झाला. हे गाव आज फिरोजाबाद म्हणून ओळखले जाते. घराणे इराणी, धर्म जुना इराणी. त्यांचे जन्मनाव रोजबेह. वडील दादोया हे इराकचा कडक सुभेदार हज्जाज बिन युसूफ याच्या अमदानीत करवसुलीच्या कामावर होते. सरकारी पैशाचा अपहार केल्याचा आळ त्यांच्यावर आला आणि कबुलीसाठी त्यांचा असा छळ करण्यात आला की, हात कायमचा आखडून वाळला. वाळलेल्या हाताचा म्हणून लोक त्यांना मुकफ्फा म्हणू लागले. मुलगा पुढे इतका विद्वान झाला, पण जगाने त्याला ओळखले ते मुकफ्फाचा मुलगा म्हणूनच. सत्ताधीशांच्या रागाची खूण त्याच्या नावातच होती असे म्हटले तरी चालेल.

रोजबेहचे शिक्षण बसरा शहरात झाले. वाळवंटातील अरब टोळ्या बसऱ्याच्या मिरबद बाजारात येत, तेथे कवी आपली काव्ये म्हणून दाखवीत. अरबी ही रोजबेहची मातृभाषा नव्हती. तरीही या लोकांच्या सहवासात राहून त्याने ती अशी आत्मसात केली की, अरबी गद्याच्या आरंभीच्या शिल्पकारांत आज त्याची गणना होते. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी.

त्या काळी अरबीत काव्य उदंड होते, कुरआन शरीफ होते, परंतु कथा-निबंधांचे ग्रंथगद्य जवळजवळ नव्हते. पुढे ते घडवले दरबारच्या चिटणीसांनी. इब्नुल मुकफ्फा हे व्यवसायाने असेच चिटणीस, म्हणजे कातिब. उमय्या खलिफांच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी शापूर व किरमान येथील अधिकाऱ्यांच्या पदरी नोकरी केली. शापूरला असताना सुफयान बिन मुआविया नावाचा अधिकारी त्यांच्या धन्याची जागा घ्यायला आला. इब्नुल मुकफ्फांनी आपल्या चतुराईने त्याला बरेच दिवस झुलवत ठेवले. या भांडणात सुफयान जखमीही झाला. ही अढी त्याच्या मनात कायम राहिली. या माणसाचे नाव वाचकांनी विसरू नये.

इ.स. 750 मध्ये उमय्या घराणे पडले आणि अब्बासी घराणे गादीवर आले. राज्यक्रांतीत जुने नोकर सहसा पहिले बळी पडतात, पण इब्नुल मुकफ्फा वाचले. खलिफाचे चुलते ईसा बिन अली यांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. ईसांच्याच हातावर त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल्लाह हे नाव घेतले. याविषयी एक आख्यायिका आहे. दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष कलमा पढायचे ठरले होते. आदल्या रात्री जेवताना ते जुन्या इराणी रीतीप्रमाणे काही पुटपुटत होते. हे काय, असे ईसांनी विचारले, तेव्हा एक रात्रदेखील धर्मावाचून काढणे मला पसंत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. या धर्मांतराच्या खरेपणाबद्दल त्यांच्या हयातीत शंका घेतल्या गेल्या आणि नंतरही घेतल्या गेल्या. माणसाच्या अंतःकरणात डोकावण्याचा अधिकार आपल्याला नाही, म्हणून मी तो वाद येथे सोडून देतो.

आता त्यांच्या ग्रंथाकडे वळू. आपल्या देशात विष्णुशर्म्याने महिलारोप्य नगरीच्या राजाच्या तीन मूर्ख मुलांना सहा महिन्यांत शहाणे करण्यासाठी पंचतंत्र सांगितले, अशी कथा आहे. महिलारोप्य ही नगरी दक्षिणेकडील, असे तो ग्रंथच सांगतो. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याने बुर्झोया या हकिमाला हिंदुस्थानात पाठवले. त्याने या गोष्टी पहलवी, म्हणजे जुन्या फारसी भाषेत नेल्या. तेथून दोनशे वर्षांनी इब्नुल मुकफ्फांनी त्या अरबीत आणल्या. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे दोन कोल्हे अरबीत कलीला आणि दिमना झाले. त्यांच्याच नावाने पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा बगदाद शहराचा पायादेखील घातला गेला नव्हता; तो 762 मध्ये घातला गेला.

प्रवासात प्राण्यांनीही कातडी बदलली. आपल्याकडे जांभळाच्या झाडावर राहणारे माकड आणि त्याचे काळीज मागणारा मगर सर्वांना ठाऊक आहे. अरबीत माकड अंजिराच्या झाडावर बसते, आणि त्याचा पाण्यातला मित्र मगर नसून कासव आहे. बाळाचे सापापासून रक्षण करूनही मारला गेलेला आपला मुंगूस तेथे इब्न इर्स नावाचा, मुंगसासारखाच लांबट व चपळ प्राणी झाला. सातूच्या पिठाचे मडके टांगून मनोराज्य करणारा ब्राह्मण अरबीत तूप-मधाचा घडा राखणारा एक साधू झाला. मात्र घडा फोडतो तो तसाच. प्राणी बदलला तरी स्वभाव बदलला नाही.

परंतु इब्नुल मुकफ्फा केवळ भाषांतरकार नव्हते, हे दाखवणारे एक प्रकरण आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पुस्तकात तेच सर्वश्रेष्ठ आहे. मूळ कथा अशी. सिंह आणि बैल यांची मैत्री जमते. महत्त्वाकांक्षी दमनकाला ती खुपते. तो सिंहाला सांगतो की बैल तुझ्यावर उठणार आहे, आणि बैलाला सांगतो की सिंह तुला खाणार आहे. दोघे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. अखेर सिंह निरपराध बैलाला ठार मारतो. पंचतंत्रात गोष्ट येथे संपते. सिंहाला थोडा पश्चात्ताप होतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि मंत्री बनतो. राजनीती शिकवणाऱ्या ग्रंथाला त्यात वावगे वाटले नाही.

इब्नुल मुकफ्फांना मात्र ते पटले नसावे. अरबी पुस्तकात यापुढे दिमनाच्या चौकशीचे एक संपूर्ण प्रकरण येते. ते मूळ भारतीय ग्रंथात नाही, आणि ते इब्नुल मुकफ्फांनीच लिहिले असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोघा कोल्ह्यांचे रात्रीचे बोलणे एका चित्त्याने ऐकलेले असते. तो ते सिंहाच्या आईच्या कानी घालतो. दिमनाला पकडतात, न्यायासन भरते, काजी बसतो. दिमना उत्तम वकिलाप्रमाणे स्वतःचा बचाव करतो. एक डुक्कर त्याच्या चेहऱ्याच्या खुणांवरून त्याला अपराधी ठरवू पाहते, तेव्हा दिमना त्याचीच अशी खिल्ली उडवतो की ऐकणारे गप्प होतात. पुराव्याशिवाय शिक्षा देता येणार नाही, हा मुद्दा शेवटपर्यंत टिकतो. सर्वशक्तिमान सिंह नुसत्या इच्छेने कोल्ह्याला मारू शकला असता, पण साक्षीसाठी थांबतो. कलीला दुःखाने मरतो. शेवटी दोन साक्षी मिळतात आणि दिमनाला मृत्युदंड होतो.

जनावरांच्या जगात लेखकाने जे न्यायालय भरवले, ते त्याला स्वतःला लाभले नाही.

खलिफा मन्सूर गादीवर आल्यावर 754 मध्ये त्याचे चुलते अब्दुल्लाह बिन अली यांनी बंड केले. ते फसले. अब्दुल्लाह पळून बसऱ्याला आपल्या भावांकडे, म्हणजे सुलेमान व ईसा यांच्याकडे, आश्रयाला आले. खलिफाने त्यांना अमान, म्हणजे अभयाचा कौल द्यावा, असे ठरले. कौलाचा मसुदा करण्याचे काम ईसांचे चिटणीस इब्नुल मुकफ्फा यांच्याकडे आले. मन्सूर दिलेला शब्द मोडील, अशी भावांना भीती होती. म्हणून मसुद्यात पळवाट राहू नये अशी कलमे घातली गेली. खलिफाने चुलत्याला दगा दिला तर त्याच्या बायकांना तलाक होईल, गुलाम मुक्त होतील, आणि मुसलमान प्रजा त्याच्या निष्ठेतून मोकळी होईल, असा त्याचा आशय होता. आपले काम चोख करणाऱ्या कारकुनाने लिहावा तसाच तो कागद होता. मन्सूरने तो वाचला आणि लिहिणाऱ्याचे नाव विचारले.

पुढे सुलेमान यांना बसऱ्याच्या सुभेदारीवरून काढण्यात आले आणि त्यांच्या जागी आला तो सुफयान बिन मुआविया. इब्नुल मुकफ्फांची जीभ तिखट होती, हेही येथे सांगितले पाहिजे. सुफयानचे नाक मोठे होते, म्हणून हे त्याला भेटले की जणू दोघांना मिळून सलाम करीत, असे सांगतात. विद्वानाला हे शोभले नाही, आणि महागही पडले. एके दिवशी काही कामानिमित्त ते सुफयानच्या वाड्यात गेले आणि परत बाहेर आले नाहीत. त्यांचे अवयव एकेक करून तोडून तापलेल्या भट्टीत टाकले गेले, असे जुने इतिहासकार लिहितात. कोणी कारण म्हणून नास्तिकपणाचा आरोप पुढे करतात, कोणी तो कौलाचा कागद, कोणी जुनी अढी. ही घटना 756 ते 759 च्या दरम्यानची आहे. त्यांचे वय तेव्हा छत्तीसच्या आसपास होते, म्हणजे हा लेख लिहिणाऱ्याचे आहे तेवढेच.

ईसा आणि सुलेमान यांनी खलिफाकडे दाद मागितली. वाड्यात शिरताना पाहणारे आणि बाहेर येताना न पाहणारे साक्षीदार उभे केले. मन्सूरने त्यांना एवढेच विचारले म्हणतात की, सुफयानला मी देहान्त दिला आणि इब्नुल मुकफ्फा या दारातून जिवंत बाहेर आला तर तुमचे काय करू? साक्षीदार मुकाट्याने परत गेले. येथे कोणी चित्ता पुढे आला नाही.

चिटणीसाने खलिफासाठी आणखी एक लेख लिहिला होता, त्याचाही उल्लेख करायला हवा. निरनिराळ्या शहरांतील काजी एकाच प्रश्नावर परस्परविरोधी निकाल देतात, ते सर्व गोळा करून खलिफाने एकच कायदेसंग्रह तयार करावा, अशी सूचना त्यात होती. ती कोणी मनावर घेतली नाही. इराणच्या जुन्या राजांचा इतिहासही त्यांनी अरबीत आणला. त्या परंपरेचा धागा पुढे फिरदौसीच्या शाहनाम्यापर्यंत पोहोचतो.

पुस्तकाचे मात्र कोणी काही बिघडवू शकले नाही. अरबीवरून ते ग्रीक व हिब्रू भाषेत गेले, हिब्रूवरून लॅटिनमध्ये, आणि तेथून युरोपच्या इतर भाषांत. स्पेनमध्ये 1251 साली राजपुत्र आल्फोन्सो यांच्यासाठी अरबीवरून ते झाले. इंग्रजीत ते इटालियनमधून 1570 मध्ये आले. फ्रान्सच्या ला फाँतेनने 1678 मध्ये आपल्या प्राणिकथांचा दुसरा भाग छापताना हिंदी ऋषी पिलपे याचे ऋण मान्य केले. तूप-मधाच्या घड्याचा साधू त्याच्याकडे दुधाची चरवी डोक्यावर घेतलेली गवळण झाला. फारसीत रूदकीने ते काव्यात आणले, बाराव्या शतकात नसरुल्लाह मुनशीने गद्यात, आणि पुढे हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने अन्वारे सुहैली या नावाने. अकबर बादशहाला काशिफीची भाषा फार अलंकारिक वाटली, म्हणून अबुल फजलने 1588 मध्ये इयारे दानिश हे सोपे रूप लिहिले. अशा रीतीने हजार वर्षांनी हा ग्रंथ फिरून हिंदुस्थानात आला.

त्याआधीच अल्-बिरूनीने हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात पंचतंत्राचे नाव घेऊन लिहिले होते की, ते संस्कृतवरून स्वतः नव्याने भाषांतरित करण्याची त्याची फार इच्छा आहे, कारण इब्नुल मुकफ्फांनी त्यात स्वतःची भर घातली असावी असा त्याला संशय होता. ती इच्छा पूर्ण झाली नाही. ज्या मूळ संस्कृत पाठावरून बुर्झोयाने भाषांतर केले तो आज उपलब्ध नाही, पहलवीही नाही. इब्नुल मुकफ्फांच्या हातचे अरबी पुस्तकही नाही. ज्या प्रती आहेत त्या त्यांच्या मृत्यूनंतर शेकडो वर्षांनी लिहिलेल्या, आणि एकीसारखी दुसरी नाही.

यंदा मी आठवीच्या वर्गात सिंह-बैलाची गोष्ट दोन्ही शेवटांसह सांगितली. पंचतंत्रातला दमनक मंत्री होतो आणि अरबीतला दिमना शिक्षा भोगतो, यांपैकी कोणता शेवट आवडला, असे विचारले. बहुतेकांनी दिमनाच्या शिक्षेसाठी हात वर केले. मागच्या बाकावरील एका मुलीने कोणत्याच बाजूने हात वर केला नाही. कारण विचारले, तेव्हा ती उभी राहून म्हणाली की सर, बैलाला मारले सिंहाने, मग सिंहाची चौकशी कोणी केली?