लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

आमच्या वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या ज्या गिरण्यांत जाई, त्याच गिरणगावात अण्णाभाऊंची प्रतिभा बहरली. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे मातंग कुटुंबात जन्मलेल्या अण्णाभाऊंना शालेय शिक्षण जवळजवळ लाभलेच नाही. मुंबईस येऊन गिरणीत राबत असताना त्यांनी वाचनाचा व्यासंग केला. १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले आणि तमाशाला लोकनाट्याचे तेज देऊन कामगारांची दुःखे वेशीवर टांगली. 'फकिरा' कादंबरीस १९६१ साली राज्य पुरस्कार लाभला. १८ जुलै १९६९ रोजी ते निवर्तले.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू मुके झाले. अण्णाभाऊंची वाणी मात्र जिवंत आहे. आयुष्यभर फळ्यावर अक्षरे गिरविणाऱ्या आम्हांस वडनेर भोलजीच्या ज्ञातिबांधवांस एकच विनवावेसे वाटते: जयंतीस तसबिरीला हार घालावाच, परंतु त्याआधी आपल्या मुलामुलींच्या हाती 'फकिरा' द्यावी.