बटाटा, एन्झाइम आणि कमलाबाई

वडनेर भोलजीकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, तो मुख्यतः स्टार्चच. त्याची साखर करतं अमायलेज हे एन्झाइम. गार पाण्यात विरघळणाऱ्या आणि ऊब मिळताच बाहेर पडणाऱ्या पॉलिमरला ते बांधलं, की गोळा करून पुन्हा वापरता येतं. पण आपल्याकडे एन्झाइम म्हटलं, की आधी आठवतात कमला सोहोनी.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन त्या बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, सरळ सत्याग्रहाची भाषा केली. प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष परीक्षेचं! उत्तर त्यांनी कामानेच दिलं. त्यानंतर तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करून, वनस्पतींच्या श्वसनातही सायटोक्रोम सी भाग घेतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. झाली. परत येऊन नीरा, डाळी अशा गरिबांच्या आहारावर संशोधन केलं. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालिकाही झाल्या. १९९८ मध्ये त्या गेल्या.

आज लॅबच्या हजेरीत मुलींची नावं सहज असतात. त्या परीक्षेच्या वर्षाची किंमत कमलाबाईंनी आधीच भरून ठेवली आहे.