झुबेदा : नवाबाचे नाव आणि मातेची शिकवण

मुरुडजवळचा जंजिरा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या किल्ल्याच्या सिद्दी घराण्याच्या एका शाखेने १७९१ साली सुरतेजवळ सचिन येथे आपले छोटेसे संस्थान उभारले. मूकपटांच्या जमान्यातील नामवंत अभिनेत्री झुबेदा यांचे नाव याच घराण्याशी जोडले जाते.

झुबेदा यांचा जन्म १९११ साली सुरतेस झाला. त्यांच्या मातोश्री फातमा बेगम या उर्दू रंगभूमीवरील कलावती. सचिनचे नवाब तिसरे इब्राहिम महंमद याकूत खान हे झुबेदांचे वडील, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु फातमा बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाल्याची, किंवा नवाबांनी मुलींना आपल्या म्हणून स्वीकारल्याची नोंद आढळत नाही. म्हणजे घराणे मोठे, पण त्यावर हक्क कोणताच नाही! सुलताना, झुबेदा व शहजादी या तीन मुलींचा भार मातेने स्वतःच्या हिमतीवर उचलला.

त्या काळी पडद्यावर काम करणे स्त्रीला कमीपणाचे मानले जाई. स्त्रीभूमिकाही अनेकदा पुरुषच करीत. फातमा बेगम लोकनिंदेला घाबरल्या नाहीत. १९२२ साली 'वीर अभिमन्यू' या मूकपटात त्या चमकल्या. त्याच सुमारास झुबेदाही, अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या असताना, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. १९२४ च्या 'गुल-ए-बकावली'ने त्यांना लोकप्रियता मिळवून दिली. पुढे १९२६ साली फातमा बेगम यांनी स्वतःची चित्रसंस्था काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका होण्याचा मान त्यांचा आहे. घरातच असा धडा डोळ्यांसमोर असल्यावर लेक मागे कशी राहील? १९२७ च्या 'बलिदान'मध्ये झुबेदा मोठ्या भूमिकेत दिसल्या.

मग काळ पालटला. पडदा बोलू लागला. मूकपटात चेहरा व हावभाव यांवर भागत असे. आता शुद्ध उच्चार हवे होते, गळा हवा होता. भाषा न आल्यामुळे भलेभले नट-नट्या अडखळले. अर्देशिर इराणी यांनी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट काढला, तेव्हा नायिका म्हणून झुबेदांची निवड झाली. नायक होते मास्टर विठ्ठल. उर्दू जमत नसल्याने त्यांचे संवाद कमी ठेवावे लागले, असे सांगितले जाते. झुबेदांना ती अडचण नव्हती. मातेच्या रंगभूमीची जबान त्यांच्या घरचीच होती. आगगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी चित्रीकरण बहुतेक रात्री होई आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवीत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात चित्रपट झळकला आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली.

१९३४ साली झुबेदांनी नानूभाई वकील यांच्यासमवेत महालक्ष्मी मूव्हिटोन ही संस्था काढली. हैदराबादचे महाराज नरसिंगगीर धनराजगीर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या हळूहळू पडद्यापासून दूर झाल्या. अखेरची वर्षे त्यांनी मुंबईतील धनराज महालात काढली. फातमा बेगम १९८३ साली निवर्तल्या. झुबेदा १९८८ साली. दुर्दैवाने 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. ज्या आवाजासाठी लोकांनी रांगा लावल्या, तो आवाज आपल्याला ऐकता येत नाही.

आपल्या मुलींनी चित्रपटात जावे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पण पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की झुबेदांना नवाबाच्या नावाने अन्न दिले नाही. आईने दिलेल्या जबानीने व हुनराने दिले. दहेजाची पेटी भरताना मुलीच्या पदरात विद्या किती पडली, हेही एकदा मोजून पाहावे. आणि विद्यार्थिनींनो, काळ पालटतो तेव्हा जवळ काय असते, याचा विचार आजच करा.