मूलभूत हक्कांच्या लढ्यातील निर्णायक मत : न्या. मोहम्मद हिदायतुल्ला

जबलपूर : मध्य प्रदेश उच्च न्यायालय नोव्हेंबर १९५६ मध्ये जबलपूर येथे आकाराला आले, तेव्हा मुख्य न्यायाधीशपदी मोहम्मद हिदायतुल्ला होते. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचे जुने उच्च न्यायालय मध्य प्रदेशाकडे आले आणि त्याचे मुख्य न्यायाधीशही जबलपूरला आले. दोन वर्षांनी त्यांची सर्वोच्च न्यायालयात नियुक्ती झाली.

बैतूल येथे १७ डिसेंबर १९०५ रोजी जन्मलेल्या हिदायतुल्लांचे वडील सरकारी अधिकारी आणि उर्दू कवी होते. रायपूरची शाळा, नागपूरचे मॉरिस कॉलेज, केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि लंडनचे लिंकन्स इन असा शिक्षणाचा प्रवास करून १९३० मध्ये त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. तेथील विधी महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले. १९४३ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले आणि १९४६ मध्ये न्यायाधीश.

संसदेला घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत हक्क हिरावून घेता येतात काय, हा त्या काळातील मोठा प्रश्न होता. १९६४ च्या सज्जनसिंह खटल्यात बहुमताने होकारार्थी उत्तर दिले. हिदायतुल्ला आणि नागपूर उच्च न्यायालयातील त्यांचे जुने सहकारी न्या. ज. र. मुधोळकर यांनी मात्र त्याविषयी शंका नोंदवली.

मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटावा असा खटला नरेश श्रीधर मिरजकर यांचा. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्धच्या मानहानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने, आपल्या साक्षीच्या प्रसिद्धीमुळे व्यवसायाचे नुकसान होते, अशी तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. वि. म. तारकुंडे यांनी ती साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश दिला. पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अग्रणी ठरलेल्या तारकुंडे यांच्याच आदेशाविरुद्ध पत्रकारांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, हा योगायोग विलक्षणच. न्यायालयाचा आदेश मूलभूत हक्काचा भंग करू शकत नाही, असा निर्णय सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या नेतृत्वाखालील नऊ सदस्यीय पीठाने ३ मार्च १९६६ रोजी दिला. एकट्या हिदायतुल्लांनी विरोधी मत नोंदवले. न्यायाधीशही घटनेच्या वर नाहीत. त्यांच्या आदेशाने हक्काला बाधा आली, तर नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता आले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात न्यायालयाची अंमलबजावणी ही राज्यसंस्थेचीच कृती मानली होती.

वर्षभराने चित्र पालटले. पंजाबमधील जमिनीवरून आलेल्या गोलकनाथ खटल्यात २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायाधीश सहा विरुद्ध पाच असे विभागले. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांच्यासह पाच जण एका बाजूला होते आणि स्वतंत्र निकालपत्र लिहिणाऱ्या हिदायतुल्लांचे सहावे मत निर्णायक ठरले. संसदेला मूलभूत हक्क संकुचित करता येणार नाहीत, असा कायदा त्यातून झाला. मात्र मालमत्तेला मूलभूत हक्कांत स्थान देणे हीच चूक होती, असेही त्यांनी त्याच निकालपत्रात सांगून टाकले.

त्यांना सरसकट उदारमतवादी म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. रणजित उदेशी खटल्यात मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची अश्लीलतेबद्दलची शिक्षा कायम करताना त्यांनी जुन्या ब्रिटिश कसोटीचा आधार घेतला. ती कसोटी अमेरिकी न्यायालयाने १९५७ मध्येच बाजूला सारली होती. चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणालाही त्यांनी १९७० मध्ये मान्यता दिली.

फेब्रुवारी १९६८ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर आणि व्ही. व्ही. गिरी यांच्या राजीनाम्यानंतर महिनाभर ते हंगामी राष्ट्रपती होते. संस्थानिकांची मान्यता काढणारा आदेश त्यांच्या पीठाने १५ डिसेंबर १९७० रोजी रद्द ठरवला; दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. पुढे १९७९ ते १९८४ या काळात ते उपराष्ट्रपती होते. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गोलकनाथचा निकाल १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात मोडीत निघाला, तरी घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहेत हे सूत्र तेथे वेगळ्या रूपात टिकले. मिरजकर प्रकरणातील एकाकी मताला तसे भाग्य लाभले नाही. २००२ मध्ये रूपा हुर्रा खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुन्हा गजेंद्रगडकरांच्याच बहुमताचा आधार घेतला.