पंचावन्न वर्षांची प्रतीक्षा

संशोधकाची योग्यता त्याच्या शोधनिबंधांच्या संख्येवरून आणि इतरांनी त्यांचा किती वेळा निर्देश केला यावरून ठरविण्याची पद्धत विद्यापीठांत आता रूढ झाली आहे. नेमणूक असो की बढती, आकडे जुळले की काम भागते. या पद्धतीत सोय आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्या शोधाचे मोल ओळखण्याइतकी त्या काळच्या शास्त्राचीच तयारी झालेली नसते, त्याचे मोजमाप ती कसे करणार? अमेरिकेतील कर्करोगसंशोधक पेटन राऊस यांच्या चरित्राने हा प्रश्न ठळकपणे पुढे ठेवला आहे.

राऊस यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी बाल्टिमोर येथे झाला. वडील लवकर वारले. आईने तिन्ही मुलांना वाढविले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला जखम होऊन त्यांना क्षयाची बाधा झाली. टेक्सासमध्ये गुरांच्या कुरणांवर वर्षभर राबून त्यांनी प्रकृती सुधारली आणि १९०५ साली पदवी मिळविली. १९०९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. त्याच वर्षी छातीवर मोठी गाठ असलेली एक कोंबडी त्यांच्याकडे आणण्यात आली.

त्या गाठीचा अर्क राऊस यांनी अशा बारीक गाळणीतून काढला की, तीतून पेशी तर नाहीच, पण जिवाणूही पार होऊ नये. हा पेशीविरहित द्रव निरोगी कोंबड्यांना टोचला असता त्यांनाही तशाच गाठी आल्या. जिवाणूहूनही सूक्ष्म असा काही घटक कर्करोग उत्पन्न करू शकतो, हा त्याचा अर्थ होता. १९११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यांचे स्वागत मात्र झाले नाही. कर्करोग हा सांसर्गिक नव्हे, ही समजूत त्या काळी दृढ होती. ही गाठ खरा कर्करोग नव्हेच, असे कोणी म्हटले; गाळणीतून पेशी निसटल्या असाव्यात, अशी शंका इतरांनी घेतली. उंदरांवर तसाच परिणाम घडवून आणण्याचे राऊस यांचे स्वतःचे प्रयत्नही फसले आणि १९१५ च्या सुमारास त्यांनी हा विषय बाजूला ठेवला.

ते स्वस्थ मात्र बसले नाहीत. सहकारी टर्नर यांच्यासह त्यांनी सायट्रेट आणि साखर यांच्या द्रावणात रक्त टिकविण्याची रीत शोधली. तिच्या आधारे ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी १९१७ साली युद्धआघाडीवर रक्ताचा साठा उभारला. पुढे यकृत व पित्ताशय यांवर राऊस यांनी काम केले. एका वैद्यकीय संशोधनपत्रिकेचे संपादन तर त्यांनी सुमारे अर्धशतक सांभाळले. रिचर्ड शोप यांना सशांच्या चामखिळींचा विषाणू सापडल्यावर १९३४ च्या सुमारास ते पुन्हा कर्करोगाकडे वळले. पेशीत रोगाचा आरंभ होणे आणि पुढे त्याला चालना मिळणे या दोन निराळ्या अवस्था आहेत, हा महत्त्वाचा विचार त्यांनी व फ्रीडेवाल्ड यांनी १९४४ मध्ये मांडला.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९२६ सालीच नोबेल पारितोषिकासाठी राऊस यांचे नाव सुचविले होते. ते प्रत्यक्षात मिळाले १९६६ मध्ये, मूळ निबंधानंतर पंचावन्न वर्षांनी! तेव्हा राऊस ८७ वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

या कथेला आणखी एक बाजू आहे. पेशीच्या जनुकांत होणाऱ्या बदलातून कर्करोग उद्भवतो, हे मत राऊस यांनी अखेरपर्यंत मानले नाही. आणि १९७६ साली बिशप, वार्मस व त्यांच्या सहकाऱ्यांनी राऊस यांच्याच विषाणूच्या साहाय्याने दाखवून दिले की, त्या विषाणूतील कर्करोगकारक जनुक मुळात निरोगी पक्ष्यांच्या पेशीतून आलेले आहे. या शोधाला १९८९ चे नोबेल पारितोषिक लाभले. कर्त्याच्या स्वतःच्या मतांनाही ओलांडून त्याचे कार्य पुढे गेले. विद्वत्तेचा प्रभाव म्हणतात तो हाच.

उपेक्षित राहिलेला प्रत्येक निबंध थोर असतो, असा याचा अर्थ नव्हे. बहुतेक निबंध योग्य कारणानेच विस्मृतीत जातात. तथापि ज्याचे प्रमुख संशोधन अमान्य झाले होते, त्या राऊस यांना रॉकफेलर संस्थेने दूर केले नाही. उलट १९२० साली पूर्ण सदस्यत्व दिले आणि विषय बदलण्याची मोकळीक दिली. तो विश्वास नसता, तर कर्करोगाकडे परतलेला राऊस जगाला दिसला नसता. आकडे मोजणाऱ्यांनी खुशाल मोजावेत. परंतु माणसाची आणि त्याच्या कामाची पारख करण्याची जबाबदारी आकड्यांवर सोपवून मोकळे होता येत नाही.