मनूट बोल ह्यांचें चरित्र

शौल राजा उंचीनें सर्व इस्राएलांत उठून दिसे, परंतु त्याचें अंतःकरण परमेश्वरापासून दूर गेलें, हें शास्त्र वाचणारांस ठाऊक आहे. आज ज्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों तेही देहानें असेच उंच होते. परंतु ते स्मरणास पात्र झाले ते आपल्या दातृत्वामुळें.

मनूट बोल हे आफ्रिकेंतील सुदान देशाच्या दक्षिण भागांतले, तुरालेई गांवाकडील डिंका लोकांपैकीं. त्यांचें जन्मवर्ष १९६२ असें नोंदलेलें आहे. डिंका लोकांचें धन म्हणजे गाईगुरें. हा मुलगाही गुरें राखीत वाढला. ते लोक मुळांतच उंच. ह्यांची उंची तर ७ फूट ७ इंच झाली.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंत, ख्रिस्ती तरुणांच्या संघाच्या एका विद्यालयांत, जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकानें काढला. दोन्ही पक्षांकडे पांच पांच गडी असतात व १० फूट उंचीवरील कड्यांतून चेंडू टाकावयाचा असतो. अशा खेळांत मनूट ह्यांची उंची उपयोगीं पडेल असें जाणून एका अमेरिकन शिक्षकानें त्यांस बोलाविलें व १९८३ सालीं ते तिकडे गेले. इंग्रजी भाषा त्यांस फारशी येत नव्हती. तथापि १९८५ सालीं वॉशिंग्टन येथील संघानें त्यांस वेतन देऊन घेतलें. पहिल्याच हंगामांत त्यांनीं प्रतिपक्षाचे ३९७ फेंके अडविले. दहा हंगामांत त्यांनीं स्वतः १,५९९ गुण मिळविले आणि अडविलेले फेंके मात्र २,०८६ भरले. मिळविण्यापेक्षां राखण्याचें काम त्यांच्या हातून अधिक झालें; पुढील आयुष्यांतही तसेंच घडलें.

ते अमेरिकेस गेले त्याच वर्षीं सुदानांत उत्तर व दक्षिण ह्यांमध्यें यादवी युद्ध पेटलें. तें २००५ पर्यंत चाललें व सुमारें २० लाख माणसें शस्त्रानें, उपासमारीनें व रोगानें मेलीं. मनूट ह्यांचे कित्येक नातलग त्यांत गेले. निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन त्यांनीं आपल्या लोकांची दैना डोळ्यांनीं पाहिली आणि खेळांत मिळविलेलें लक्षावधि डॉलरांचें धन त्यांच्याकरितां खर्चून टाकिलें.

नंतर खरी परीक्षा आली. खेळांतून निवृत्त झाल्यावर ते खार्टूम येथें असतां सरकारनें त्यांस क्रीडामंत्र्याचें पद देऊं केलें. मात्र ख्रिस्ती धर्म सोडावा अशी अट घातली. घरीं पैसा उरला नव्हता, तरी त्यांनीं तें पद नाकारिलें. त्यावर त्यांस देश सोडून जाऊं देईनात. अखेर २००१ सालीं ते मिसर देशांत पोहोंचले व २००२ सालीं निर्वासित म्हणून अमेरिकेंत आले. ज्या देशांत पूर्वीं हजारों लोक त्यांच्या नांवाचा जयघोष करीत, तेथेंच ते आतां आश्रयास आले.

तरीही देण्याचा मार्ग त्यांनीं सोडिला नाहीं. सुदानी मुलांकरितां पैसा जमावा म्हणून त्यांनीं लोकांसमोर मुष्टियुद्धही केलें. पुष्कळ लोक हंसले. त्यांनीं तें हंसणें सोसलें. २००४ सालीं मोटारीच्या अपघातांत त्यांची मान मोडली. त्यांतून उठल्यावर आपल्या मुलखांत शाळा बांधण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. त्या शाळेंत ख्रिस्ती व मुसलमान मुलांनीं एकत्र शिकावें अशी त्यांची इच्छा होती. ज्यानें धर्माकरितां पदावर पाणी सोडिलें, त्यानें दुसऱ्या धर्माच्या मुलांवर दार लाविलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

ह्याच कामाकरितां सुदानास गेले असतां त्यांची प्रकृति बिघडली, आणि १९ जून २०१० रोजीं अमेरिकेंतील शार्लट्सव्हिल येथें मूत्रपिंडांच्या विकारानें व एका दारुण त्वचारोगानें त्यांचा अंत झाला. वय अवघें ४७ वर्षांचें होतें. त्यांचा देह तुरालेई येथें नेऊन पुरण्यांत आला. पुढील वर्षीं, ९ जुलै २०११ रोजीं, दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. तो दिवस पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांतूनही मुलगे नोकरीकरितां शहरांत जातात आणि कांहींचा उत्कर्ष होतो. गांवचें देऊळ गळत आहे, विधवेच्या घरीं चूल पेटली नाहीं, हें त्यांस तेथून दिसतें काय? मोशेनें फारोच्या घरचें सुख सोडून आपल्या पीडित बांधवांचा पक्ष धरिला. ह्या गुराख्यानें आपल्या परीनें तेंच केलें. देवानें आपणांस उंची दिली असो वा विद्या, ती कोणाकरितां दिली, ह्याचा प्रत्येकानें प्रार्थनापूर्वक विचार करावा.